माहिती तंत्रज्ञानातून शैक्षणिक तंत्रज्ञानाकडे : वाट बदलण्यापूर्वी

मुंबईच्या उपनगरांना संगणकाच्या नोकरीची खरी ओळख झाली ती अंधेरीच्या सीप्झमुळे. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी १९७३ मध्ये स्थापन झालेल्या या परिसरात कालांतराने सॉफ्टवेअर कंपन्या आल्या आणि बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील मध्यमवर्गीय घरांतील एक संपूर्ण पिढी गळ्यात ओळखपत्र अडकवून तेथे ये-जा करू लागली. संगणक अभियंत्याची नोकरी म्हणजे स्थैर्य, हे समीकरण या घरांत पक्के रुजले. त्याला गेल्या काही वर्षांत तडे जात आहेत. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेससारख्या कंपनीने जुलै २०२५ मध्ये आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्याची झळ प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या फळीला बसणार असल्याचेही तेव्हाच स्पष्ट करण्यात आले होते. चाळिशीच्या उंबरठ्यावरील, गृहकर्जाचे हप्ते फेडणारा नोकरदार नेमका याच फळीत असतो.

अशा वेळी ज्या पर्यायी क्षेत्रांची चर्चा होते, त्यांत शैक्षणिक तंत्रज्ञानाचे नाव हटकून पुढे येते. आपल्याला संगणक येतो, शिकवण्याची आवड आहे, शिवाय समाजोपयोगी काम केल्याचे समाधानही लाभेल, असा विचार त्यामागे असतो. विचार चुकीचा नाही. मात्र तो अपुरा आहे. या क्षेत्रात शिरलेल्या पैशाचा पूर आणि नंतर आलेली ओहोटी या दोन्ही गोष्टी मुंबईने अगदी जवळून पाहिल्या आहेत. त्यामुळे राजीनाम्याचे पत्र लिहिण्यापूर्वी हे क्षेत्र मुळात काय आहे, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

शैक्षणिक तंत्रज्ञान म्हणजे धड्यांच्या चित्रफिती आणि मोबाइलवरील अ‍ॅप, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ही एक स्वतंत्र विद्याशाखा आहे. माणूस एखादी गोष्ट कशी शिकतो, तो कोठे अडखळतो, त्याला ती समजली की नाही हे कसे ओळखावे आणि या साऱ्यात यंत्राची मदत कोठे घ्यावी, या प्रश्नांचा अभ्यास तीत होतो. यंत्र हा या साखळीतील शेवटचा दुवा. माहिती तंत्रज्ञानातून येणारा मनुष्य नेमका त्या शेवटच्या दुव्यापासून सुरुवात करतो, आणि बहुतेक अडचणींचे मूळ तेथेच असते.

एका अपूर्णांकाची गोष्ट

हा फरक उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. एखाद्या अभियंत्याला अपूर्णांकांच्या बेरजेवर चाचणी तयार करण्यास सांगितले, तर तो प्रश्न लिहील, उत्तर साठवील आणि विद्यार्थ्याचे उत्तर त्याच्याशी ताडून ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ असा निकाल देईल. प्रश्न आहे एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. बरोबर उत्तर पाच षष्ठांश. मुलाने दोन पंचमांश लिहिले की पडद्यावर लाल फुली उमटते आणि पुढचा प्रश्न येतो. आज्ञावलीच्या दृष्टीने काम चोख झाले.

शिक्षणाच्या दृष्टीने मात्र काम येथून सुरू व्हायला हवे. दोन पंचमांश हे उत्तर मुलाने अंदाजाने ठोकलेले नाही. त्याने अंशात अंश मिळवला आणि छेदात छेद. त्याच्यापाशी एक नियम आहे, तो चुकीचा आहे इतकेच. हे ओळखणारी प्रणाली त्याला विचारील, की अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातल्यावर उत्तर अर्ध्यापेक्षा मोठे यायला हवे की लहान? दोन पंचमांश तर अर्ध्यापेक्षा लहान आहे. हा विरोध मुलाच्या स्वतःच्या लक्षात आला, तर जुना नियम सुटण्याची शक्यता निर्माण होते. नुसत्या लाल फुलीने तो सुटत नाही.

दशांश अपूर्णांकांचे उदाहरण याहून बोधक आहे. ०.३५ हा ०.८ पेक्षा मोठा, असे अनेक मुलांना वाटते. कारण ३५ हे ८ पेक्षा मोठे. आता चाचणीत ०.८५ आणि ०.३ यांपैकी मोठी संख्या कोणती असा प्रश्न ठेवला, तर हे मूल ८५ आणि ३ यांची तुलना करून अचूक उत्तर देईल. गुण पूर्ण मिळतील आणि गैरसमजही तसाच शाबूत राहील. प्रगतिपुस्तकाच्या आलेखावर सगळे हिरवे दिसेल. म्हणून प्रश्नात कोणते आकडे घ्यावेत, हा निर्णय सर्व्हर कोणता घ्यावा या निर्णयापेक्षा अधिक महत्त्वाचा ठरतो. आणि तो घेणाऱ्या व्यक्तीने मुलांच्या वह्या चाळलेल्या असणे आवश्यक असते. दहा-बारा वर्षे बँकांच्या किंवा विमा कंपन्यांच्या प्रणालींवर काम केलेल्या माणसाला ही दृष्टी आपोआप येत नाही. ती शिकता मात्र निश्चित येते.

पवईचा धडा

ती शिकता येते, याचे उत्तम उदाहरण उपनगरातच आहे. पवईच्या आयआयटीत संगणकशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या प्राध्यापकांपैकी काहींनी आपला मोर्चा शिक्षणाकडे वळवला. प्रा. श्रीधर अय्यर हे मूळचे संगणक जाळ्यांचे अभ्यासक. त्यांच्या पुढाकाराने शालेय मुलांसाठी ‘कॉम्प्युटर मस्ती’ नावाचा संगणक-अभ्यासक्रम तयार झाला. कोणत्या बटणावर टिचकी मारली असता काय होते, हे पाठ करून घेण्यापेक्षा पायरीपायरीने विचार करण्याची सवय लावण्यावर त्यात भर होता. २०१० मध्ये याच संस्थेत शैक्षणिक तंत्रज्ञानाचा आंतरविद्याशाखीय कार्यक्रम सुरू झाला आणि त्यात पीएच.डी.ची सोय झाली. या कार्यक्रमाशी जोडल्या गेलेल्या प्रा. सहाना मूर्ती मूळच्या भौतिकशास्त्राच्या. म्हणजे ज्यांनी हे क्षेत्र पवईत उभे केले तेही दुसऱ्या विद्याशाखांतूनच आले आहेत. फरक इतकाच, की आपले जुने ज्ञान पुरेसे आहे असे त्यांनी गृहीत धरले नाही.

प्रा. दीपक फाटक यांचे नाव येथे घेतलेच पाहिजे. संगणकशास्त्रातील दीर्घ अध्यापनानंतर त्यांनी देशभरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या शिक्षकांना एकाच वेळी दूरस्थ पद्धतीने प्रशिक्षण देणारा उपक्रम राबवला. एका वेळी दहा हजार शिक्षकांपर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट त्याच्या नावातच होते. २०१३ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. ‘आकाश’ या स्वस्त टॅबलेटच्या प्रकल्पातही पवईचा मोठा सहभाग होता. ऑक्टोबर २०११ मध्ये या टॅबलेटचे मोठ्या गाजावाजात अनावरण झाले, पुढील वर्षी सुधारित आवृत्ती आली आणि नंतर काही वर्षांत ते नावही विस्मरणात गेले. उपकरण हाती दिले म्हणजे शिक्षण झाले, या समजुतीचा तो एकटाच बळी नव्हे. पेरू देशात मुलांना संगणक वाटण्याच्या मोठ्या योजनेचा अभ्यास झाला, तेव्हा भाषा व गणितातील प्राप्तीत सुधारणा आढळली नाही.

याच्या अगदी उलट स्वभावाचा प्रकल्प म्हणजे प्रा. कण्णन मौद्गल्य यांचा ‘स्पोकन ट्युटोरियल’. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या, साधारण दहा मिनिटांच्या ध्वनिचित्रफिती असे त्याचे स्वरूप आहे. दिसायला हे अगदी साधे. पण त्यामागील कार्यपद्धती अभ्यासण्याजोगी आहे. चित्रीकरणाआधी संपूर्ण संहिता लिहिली जाते. ती विषयातील जाणकाराकडून तपासली जाते, त्याचबरोबर विषय मुळीच न येणाऱ्या व्यक्तीकडूनही तपासली जाते, कारण नवख्याला कोठे ठेच लागते हे जाणकाराला दिसत नाही. शिकणाऱ्याने पडद्याच्या एका बाजूला फीत आणि दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष सॉफ्टवेअर उघडून, पाहत पाहत करत जावे अशी तिची रचना असते. पडद्यावरील सॉफ्टवेअर इंग्रजीच राहते, कारण पुढे नोकरीत तेच दिसणार. निवेदन मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत होते. गावातील महाविद्यालयात शिकवायला कोणी नसतानाही विद्यार्थ्याला शिकता यावे, हे सूत्र धरून प्रत्येक बारकावा ठरवलेला आहे. यात थक्क करणारे तंत्रज्ञान काहीच नाही. तरीही शैक्षणिक तंत्रज्ञान कशाला म्हणावे हे विचारणाऱ्याने आधी यातील दोन फिती मराठीतून पाहाव्यात, असे सुचवावेसे वाटते.

बाहेरच्या जगातील एक उदाहरणही नोंदवण्यासारखे आहे. आज जगभरातील विद्यापीठांत वापरली जाणारी ‘मूडल’ ही मुक्त प्रणाली २००२ मध्ये प्रसिद्ध करणारे मार्टिन डुगियामास हे ऑस्ट्रेलियातील एका विद्यापीठात संकेतस्थळाची व्यवस्था पाहणारे गृहस्थ होते. संगणकशास्त्राच्या पदवीवर न थांबता त्यांनी शिक्षणशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले.

पूर आणि ओहोटी

आता नाण्याची दुसरी बाजू. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या आणि घरोघरी ऑनलाइन वर्ग सुरू झाले. गुंतवणूकदारांनी या क्षेत्रात पैसा ओतला. मुंबईत २०१८ मध्ये सुरू झालेली, मुलांना संगणक-आज्ञावली शिकवणारी व्हाइटहॅट ज्युनियर ही कंपनी अवघ्या दोन वर्षांत, ऑगस्ट २०२० मध्ये बायजूजने सुमारे ३० कोटी डॉलरना विकत घेतली. २०१३ मध्ये मुंबईतच सुरू झालेली टॉपर २०२१ मध्ये त्याच मार्गाने गेली. पुढे शाळा उघडल्या आणि मागणी ओसरली. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईची लिडो लर्निंग बंद पडली. त्याच वर्षी व्हाइटहॅटने कर्मचाऱ्यांना कार्यालयात परतण्यास सांगितल्यावर आठशेहून अधिक जणांनी नोकरी सोडल्याचे वृत्त आले. ऑक्टोबर २०२२ मध्ये बायजूजने सुमारे अडीच हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, आणि एकेकाळी २,२०० कोटी डॉलर मूल्यांकन असलेल्या या कंपनीविरुद्ध जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया दाखल करून घेण्यात आली.

हे नवे नाही. शाळांना ‘स्मार्ट क्लास’ पुरवणाऱ्या एज्युकॉम्पचा समभाग एकेकाळी बाजारात गाजत होता; २०१७ मध्ये ती कंपनीही दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. दोन्ही प्रसंगांत एक साम्य दिसते. विक्री वाढवण्याची घाई झाली, आणि मूल खरोखर शिकते आहे का, हा प्रश्न मागे पडला. म्हणून नव्या नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्याने आपले पद काय असेल याबरोबरच त्या कंपनीत विक्रेते किती आणि शिक्षणतज्ज्ञ किती, हे अवश्य विचारावे. उत्तर टाळले गेले तर तेही एक उत्तर समजावे.

अर्थात, सगळेच निष्फळ ठरलेले नाही. अहमदाबादच्या एज्युकेशनल इनिशिएटिव्हज या संस्थेच्या ‘माइंडस्पार्क’ प्रणालीचा दिल्लीत शास्त्रशुद्ध अभ्यास झाला आणि तो २०१९ मध्ये एका प्रतिष्ठित अमेरिकन अर्थशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सरकारी शाळांतील मुले शाळेनंतर केंद्रावर येत. पाऊण तास संगणकावर आणि पाऊण तास छोट्या गटात शिक्षक-साहाय्यकाबरोबर, असा दीड तासाचा क्रम असे. साडेचार महिन्यांत गणित व हिंदी या दोन्ही विषयांत भरीव प्रगती दिसली. यातील मर्म असे, की प्रणाली मुलाची इयत्ता पाहून शिकवत नव्हती; त्याची प्रत्यक्ष पातळी पाहून शिकवत होती. आठवीतील मूल चौथीच्या पातळीवर असेल तर चौथीपासून. आणि शेजारी माणूस होताच.

कोणत्या दाराने आत जावे?

शैक्षणिक तंत्रज्ञान असे एकच नाव असले तरी त्यात निदान तीन वेगवेगळे प्रदेश आहेत, आणि त्यांचे वेतन, वेग व स्वभाव यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिला प्रदेश कंपन्यांतील प्रशिक्षणाचा. बँकेतील नव्या कर्मचाऱ्याला नियम शिकवणारा किंवा कारखान्यातील कामगाराला सुरक्षिततेचे पाठ देणारा ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करणे, हे येथील काम. अंधेरीला याची जुनी परंपरा आहे. १९९० मध्ये सुरू झालेली टाटा इंटरॅक्टिव्ह सिस्टिम्स अंधेरी-कुर्ला मार्गावरूनच देशोदेशींच्या ग्राहकांसाठी असे पाठ तयार करीत असे. २०१८ मध्ये ती एमपीएस या कंपनीने घेतली. संगणक प्रशिक्षणातील अ‍ॅपटेकचे मुख्यालयही अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतच आहे. माहिती तंत्रज्ञानातून येणाऱ्यास हे दार सर्वांत सोपे, कारण ग्राहक कंपन्याच असतात, त्यांची भाषा परिचित असते आणि वेतनातील घसरणही तुलनेने कमी असते. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांचे स्वतःचे प्रशिक्षण विभाग असतात. तेथे अंतर्गत बदली मिळाली, तर नोकरी न सोडताच क्षेत्र बदलते. या शक्यतेचा विचार फार थोडे लोक करतात, ही आश्चर्याची गोष्ट आहे.

दुसरा प्रदेश शालेय व स्पर्धा परीक्षांच्या बाजारपेठेचा. येथे नवउद्योग आहेत, तसेच नवनीतसारख्या जुन्या प्रकाशन संस्थांचे डिजिटल विभागही आहेत. पालक पैसे देतात आणि मूल शिकते, त्यामुळे ग्राहक एक आणि वापरणारा दुसरा, हा पेच येथे कायमचा. पडद्यावर घालवलेला वेळ वाढला म्हणून आनंद मानावा की चिंता करावी, यावर बैठकीत वाद होतील. त्या वादात कोणत्या बाजूला बसायचे, हे आधीच ठरवलेले बरे.

तिसरा प्रदेश शासकीय, सेवाभावी आणि संशोधन संस्थांचा. पैसा कमी, पोहोच अफाट. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटीने खेड्यापाड्यांत संगणक-साक्षरता नेली, हे आपण सर्व जाणतोच. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापण्याची कल्पना राबवली, ती पुढे राज्याने स्वीकारली आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला. केंद्र शासनाचा ‘दीक्षा’ हा मंच २०१७ मध्ये सुरू झाला. त्यामागील ‘सनबर्ड’ ही आज्ञावली मुक्त आहे, म्हणजे बोरिवलीत घरी बसून कोणीही ती उतरवून घेऊन वाचू शकतो आणि तीत सुधारणा सुचवू शकतो. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने टाटा ट्रस्ट व अमेरिकेतील एमआयटी यांच्यासह राबवलेल्या ‘क्लिक्स’ या उपक्रमाला युनेस्कोचा २०१७ सालचा पुरस्कार मिळाला. तोही उपनगरातच आकाराला आलेला. मुंबईत जन्मलेली ‘प्रथम’ ही संस्था तर सर्वांच्या परिचयाची आहे.

शिकायचे कोठे?

जुहू येथील एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या आवारात शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे आणि तेथे या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. महिला विद्यापीठ असल्याने प्रवेशाची पात्रता आधी पाहून घ्यावी. मूल लहान असताना नोकरीत खंड पडलेल्या आणि आता परतू इच्छिणाऱ्या महिला अभियंत्यांनी या पर्यायाचा विशेष विचार करावा. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा या विषयातील पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमही आहे. ज्यांना संशोधनाकडे जायचे आहे त्यांच्यासाठी पवई आहेच, शिवाय मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. १९७४ पासून मुलांच्या विज्ञान व गणितातील चुकांचा अभ्यास करणारे हे केंद्र घाटकोपर-मुलुंडकरांना हाकेच्या अंतरावर असूनही बहुतेकांनी आतून पाहिलेले नसते. पूर्णवेळ पीएच.डी. करणाऱ्यास मिळणारी शिष्यवृत्ती २०२३ च्या सुधारित दराने सुरुवातीच्या काळात दरमहा ३७,००० रुपये आहे. संसार असणाऱ्याने हा आकडा डोळ्यांसमोर ठेवूनच निर्णय घ्यावा.

परंतु पदवीपेक्षाही आधीची पायरी म्हणजे प्रत्यक्ष शिकवणे. मुंबईत रात्रशाळा आहेत, महापालिकेच्या शाळा आहेत, वस्त्यांतील अभ्यासिका आहेत. सहा महिने दर शनिवारी दोन तास सातवी-आठवीच्या मुलांना गणित शिकवावे, त्यांच्या चुका वहीत टिपून ठेवाव्यात आणि त्यांपैकी एकाच चुकीवर उपाय करणारे छोटेसे साधन तयार करावे. ते मुलांनी वापरल्यावर काय झाले, हे प्रामाणिकपणे लिहून काढावे. मुलाखतीत हे चार पानी टिपण कोणत्याही प्रमाणपत्राहून अधिक बोलते. ज्यांना सहा शनिवारांतच कंटाळा येईल, त्यांना आपली आवड खरी होती की जुन्या नोकरीचा केवळ उबग आला होता, हेही फुकटात कळेल.

येथे एक सावधगिरीची सूचना. नोकरीत असताना दुसरीकडे मोबदला घेऊन काम करण्यास बहुतेक नियुक्तीपत्रांत मनाई असते. २०२२ मध्ये विप्रोने प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करणाऱ्या सुमारे ३०० जणांना काढून टाकले होते. विनामोबदला शिकवणे ही वेगळी बाब आहे. तरीही आपण तयार केलेल्या आज्ञावलीवर मालकी कोणाची, याचे कलम वाचून घ्यावे आणि कार्यालयाचा संगणक त्यासाठी वापरू नये.

घरचा हिशेब

आता सर्वांत नाजूक विषय. उदाहरणादाखल घाटकोपरच्या एका कुटुंबाचा हिशेब मांडू. हाती येणारे वेतन दरमहा १,४०,००० रुपये. गृहकर्जाचा हप्ता ५२,०००, घरखर्च ४५,०००, मुलाची शाळा व शिकवणी १५,०००, विम्याचे हप्ते ८,०००, एकूण १,२०,०००. शिल्लक २०,०००. नव्या क्षेत्रात वेतन ९५,००० ठरले तर दरमहा २५,००० ची तूट येते. जुन्या पातळीवर परतायला दोन वर्षे लागतील असे धरले तर ही तूट सहा लाखांची होते. त्याखेरीज नवी कंपनीच बंद पडली, तर निदान सहा महिन्यांच्या खर्चाचे ७,२०,००० हाताशी हवेत. म्हणजे या कुटुंबाने १३,२०,००० रुपये सहज मोडता येतील अशा स्वरूपात बाजूला ठेवल्याशिवाय पाऊल उचलू नये. ही रक्कम नसेल, तर बेत रद्द करण्याची आवश्यकता नाही. तो वर्षभर पुढे ढकलावा आणि त्या वर्षात शनिवारचे शिकवणे चालू ठेवावे. हा हिशेब पती-पत्नींनी एकत्र बसून, कागदावर करावा. घरातील ज्येष्ठांना नुसते ‘क्षेत्र बदलतो आहे’ असे सांगण्यापेक्षा हा कागद दाखवला, तर विरोधाची धार पुष्कळ कमी होते, असा अनेकांचा अनुभव आहे.

काही बाबी थोडक्यात. कायम कर्मचाऱ्यास ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षांची सेवा लागते. चार वर्षे सात महिने झाले असताना घाईने राजीनामा देणे परवडणारे नसते. भविष्य निर्वाह निधी काढून न घेता नव्या खात्यात वर्ग करावा. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो आणि स्वतंत्र विम्यात पूर्वीच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ असतो, म्हणून स्वतःचा विमा नोकरीत असतानाच घ्यावा. घरात मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर यात विलंब नकोच. नवउद्योग वेतनाच्या बदल्यात समभागांचे पर्याय देऊ करतात. ते हातात येताना त्यावर वेतनासारखा कर लागतो आणि विकत घेणारा कोणी नसेल तर ते कागदच राहतात. वरील हिशेबात त्यांची किंमत शून्य धरावी.

अंतराचाही विचार व्हावा. बोरिवलीहून मानखुर्दला किंवा मुलुंडहून जुहूला रोज जाणे म्हणजे दोन-दोन गाड्या बदलणे. २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून पूर्व-पश्चिम प्रवास सुसह्य झाला आहे, तरी वेतन कमी आणि प्रवास दुप्पट असा सौदा पत्करताना उमेद किती काळ टिकेल, याचा अंदाज घ्यावा.

मुलाखतीत काय विचारावे?

मुलांच्या माहितीविषयीचा कायदा आता कडक झाला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांवर बंधने आहेत. बँकांच्या गोपनीयतेच्या नियमांत मुरलेल्या अभियंत्याची येथे खरी गरज आहे. या संदर्भात आपल्या कंपनीने काय तयारी केली आहे, हा प्रश्न मुलाखतीत विचारल्यास उमेदवाराविषयी आणि कंपनीविषयीही बरेच काही उघड होते.

मराठी उत्तम येणे ही या क्षेत्रात मोठी जमेची बाजू आहे आणि उमेदवार ती परिचयपत्रात लिहिण्यास विसरतात. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे इंग्रजी मजकूर आता क्षणात तयार होतो. मराठीतही तो तयार होतो, पण ‘छेद’ आणि ‘भाजक’ यांत गल्लत झाली की सहावीच्या मुलाचा घोटाळा ठरलेला. मुंबई महापालिका आठ माध्यमांतून शाळा चालवते. अशा मजकुराची बालभारतीच्या परिभाषेशी पडताळणी करणारी, संगणक आणि मराठी दोन्ही जाणणारी माणसे विरळा आहेत.

राहता राहिला राजीनाम्याचा मुहूर्त. हे क्षेत्र शाळेच्या वर्षावर चालते. राज्यातील शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, त्यांच्या खरेदीचे निर्णय त्याआधीच्या काही महिन्यांत होतात आणि एप्रिल-मेमध्ये सर्वांची धांदल असते. नव्या संस्थेत शाळेच्या पहिल्या दिवशी, म्हणजे १५ जूनच्या सुमारास हजर असायचे, तर नव्वद दिवसांची नोटीस धरून राजीनामा मार्चच्या मध्यापर्यंत द्यावा लागतो. अनेक कंपन्यांत वार्षिक बोनस एप्रिलनंतर हाती पडतो आणि तो त्या दिवशी नोटिशीवर असलेल्यांना मिळत नाही. तेव्हा आपल्या नियुक्तीपत्रातील ते कलम आजच काढून वाचावे; बोनसची रक्कम मोठी असेल, तर जूनचा हट्ट सोडून दिवाळीनंतरच्या सत्राला रुजू होण्याची मुभा नव्या संस्थेकडे मागून पाहावी.